सुट्टीत गावी जाताना स्केचबुक कसं भरावं: डिझाइन शिकणाऱ्या कोकणातल्या मुलामुलींसाठी

मी मुंबईत ग्राफिक डिझाइन शिकते, तिसऱ्या वर्षाला आहे. घर वेंगुर्ला तालुक्यात, शिरोड्याच्या बाजूला. आमचा दिवस कसा जातो हे डिझाइनवाल्यांना सांगायला नको. सकाळी स्टुडिओ, दुपारी क्रिट (केलेल्या कामावरची चर्चा), संध्याकाळी प्रिंटवाल्याकडे रांग, रात्री होस्टेलच्या खोलीत फोमबोर्ड आणि कटर. या सगळ्यात प्रेरणा शोधायला वेळ मिळतो तो मोबाइलवर, झोपायच्या आधी. मग वर्गातल्या सगळ्यांच्या मूडबोर्डवर तीच चित्रं दिसतात, कारण शोधताना सगळे तेच चार शब्द टाइप करतात.

ज्यांचं घर कोकणात आहे त्यांना मे, गणपती आणि दिवाळी अशा तीन सुट्ट्या मिळतात. तिथे अजूनही निम्म्या वस्तू हाताने बनतात आणि उरलेल्या हाताने दुरुस्त होतात. त्या सुट्टीचा उपयोग कसा करायचा, एवढंच इथे लिहिलंय. माझं सगळं म्हणणं एका वाक्यात सांगते: नक्षी उचलू नका, काम समजून घ्या. म्हणजे वस्तू बनते कशी, ती वापरतं कोण, तिचं माप तेवढंच का, हे कागदावर आणा. नक्षीवर एक पोस्टर निघतं आणि तिथेच संपतं. काम कळलं तर पुढच्या प्रत्येक असाइनमेंटला त्यातलं काहीतरी उपयोगी पडतं.

बॅगेत काय न्यावं

सबमिशन नसेल तर लॅपटॉप होस्टेलला कुलपात ठेवून जा. पावसात वीज जाते, रेंज मिळायला सड्यावर जावं लागतं, आणि लॅपटॉप समोर असला की माणूस घरी असूनही घरी नसतो.

एक ए-फाइव्ह स्केचबुक घ्या, कागद जाड हवा. पातळ कागद भाद्रपदातल्या हवेने एका रात्रीत लोळागोळा होतो. पाण्याने न पसरणारं काळं पेन, फोर-बी पेन्सिल, सहा इंची स्टीलची पट्टी आणि शिंप्याची कापडी टेप. ही टेप विसरू नका, घरातल्या वस्तू बहुतेक गोल किंवा वाकड्या असतात आणि पट्टीने मोजता येत नाहीत. बटर पेपरची गुंडाळी आणि काळा मेणखडू. कशासाठी ते पुढे येईल. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या वर्षभर साठवून ठेवा आणि स्केचबुकासोबत प्लास्टिकच्या पिशवीत टाका. पावसाळ्यात जलरंग वाळता वाळत नाहीत, पान ओलं असतानाच मिटलं तर बुरशी धरते. म्हणून गणपतीला रंगीत पेन्सिली न्या, जलरंग मेसाठी ठेवा.

तिकिटाचंही सांगून टाकते. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. गणपतीच्या आदल्या आठवड्याची कोकणकन्या किंवा तुतारी हवी असेल तर कॅलेंडरवर तो दिवस आधीच खूण करून ठेवा आणि सकाळी आठला तयार बसा.

आधी एक काम अंगावर घ्या

घरी पोचल्या पोचल्या स्केचबुक काढून बसलं की घरचे लोक सावध होतात. काकी पदर नीट करते, आजी हातातलं काम थांबवून "ह्यां कित्याक काढतंस गो?" विचारते. त्यापेक्षा पहिले एकदोन दिवस एखादं काम स्वतःकडे घ्या. नारळ खवणं, सुपाऱ्या वाळत घालणं, मासे आणायला किनाऱ्यावर जाणं, काहीही. हाताला काम लागलं की वस्तूचं वजन कळतं, कुठे दुखतं ते कळतं, आणि शेजारी बसलेलं माणूस बोलायला लागतं.

मग एकच वस्तू निवडा. मी सगळ्यांना आडाळो निवडायला सांगते, कारण तो आपल्याकडे घरोघरी आहे आणि प्रॉडक्ट डिझाइनचा अख्खा धडा त्यात आहे. बसायची फळी, तिच्यातून वर आलेलं वाकडं पातं, आणि पात्याच्या टोकाला खोबरं खवायचं दातेरी चक्र. मासे कापणं, भाजी चिरणं, नारळ खवणं, सगळं एकाच बैठकीत.

तो असा काढा. आधी बाजूने, मग वरून, मग समोरून, तिन्ही चित्रं एकाच प्रमाणात. फळीची लांबी, रुंदी, जाडी मोजा. पात्याची उंची फळीपासून मोजा, जमिनीपासून नाही. पात्याची वळणरेषा मिळवायला बटर पेपर बाजूने अलगद धरून पेन्सिलीने कड उतरवा. पातं आधी कापडात गुंडाळा किंवा कोणाला तरी धरायला सांगा, ते धारदार असतं. मग वापरणाऱ्याचं माप घ्या. बसल्यावर गुडघा कुठे येतो, कोपर पात्याच्या वर किती, खवताना नारळाची वाटी दोन्ही हातांत धरली की मनगट किती वळतं.

आमच्या घरचा आडाळो मी मोजत होते तेव्हा आजी म्हणाली, "आधी बसान बघ, मगे मोज." बसले तर फळीच्या एका बाजूची कड झिजून गुळगुळीत झाली होती. आजी एक पाय दुमडून दुसरा पुढे टाकून बसते, आणि पुढच्या पायाची मांडी त्याच कडेला टेकते. तिच्या सासूचीही बैठक तीच. ही झीज चित्रात दाखवायची असते. हलकी टिंबं देऊन दाखवा आणि बाजूला लिहा की ती कशामुळे आहे. कुठल्याही एर्गोनॉमिक्सच्या, म्हणजे शरीराच्या मापांच्या, तक्त्यात हे मिळणार नाही. गंजलेला जोड, नंतर ठोकलेली खुंटी, बदललेलं पातं, या सगळ्या दुरुस्त्याही तशाच नोंदवा. नवी वस्तू काढण्यापेक्षा दुरुस्त केलेली वस्तू काढणं जास्त शिकवतं.

आडाळो झाला की रोवळी, सूप, इरलं, घिरट. एका सुट्टीत दोन वस्तू नीट झाल्या तरी पुष्कळ.

मे महिना: रंग आणि अक्षरं

मेमध्ये रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात, आणि आपल्या अंगणात रंगाची प्रयोगशाळाच मांडलेली असते. आई रतांबे फोडून गर आणि बिया वेगळ्या काढते, सालं उन्हात घालते, मीठ घातलेल्या रसात बुडवून पुन्हा उन्हात. असे पूट चढत जातात तसा सालाचा रंग लालवरून जांभळट काळ्याकडे जातो. रोज त्याच वेळी, त्याच जागी, शेजारी पांढरा कागद ठेवून त्याच सालाचा फोटो घ्या. आठवडाभरात एक सुंदर रंगपट्टी तयार होते. रंगाला कोड नंबर देण्याआधी नाव द्या, "पहिल्या पुटाचा", "तिसऱ्या पुटाचा". घरात हीच भाषा आहे आणि ती नेमकी आहे.

आता शाई. मूठभर सालं थोड्या पाण्यात मंद उकळा, गाळा आणि चारपाच वाट्यांत वाटून घ्या. एका वाटीत काही घालू नका. दुसरीत खाण्याचा सोडा चिमूटचिमूट घाला. कोकम आंबट असल्यामुळे आधी फेस येईल, तो बसला की आणखी घाला. लाल रंग जांभळट होत होत निळसर राखाडीकडे जातो. तिसरीत विड्याच्या पानाला लावतो तो चुना कणभर. चौथीत तुरटी. पाचवीत गंजलेले खिळे रात्रभर भिजवलेलं पाणी. प्रत्येक वाटीतली छटा एकाच कागदावर, एकाच ब्रशने, शेजारी शेजारी लावा, आणि प्रत्येक चौकोनाखाली काय आणि किती घातलं ते लिहा. न लिहिलेला रंग पुन्हा बनवता येत नाही.

ही शाई टिकाऊ नाही. पट्टीचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाका आणि खिडकीत उन्हात ठेवा. काही दिवसांनी झाकलेला आणि उघडा भाग यांतला फरक डोळ्यांना दिसेल. म्हणून अशा रंगांचं अंतिम काम मूळ कागदावर देऊ नका, ताजं असतानाच स्कॅन करून ठेवा. ज्यांना काळी शाई हवी त्यांनी हिरडा कुटून भिजवावा आणि त्यात तेच गंजाचं पाणी घालावं. हिरड्यातलं टॅनिन आणि लोह एकत्र आलं की काळा रंग होतो, आणि तो कोकमापेक्षा कितीतरी टिकतो. काजूच्या हिरव्या बियांच्या नादाला मात्र लागू नका. त्यांच्या टरफलातला चीक कातडी भाजतो, व्रण राहतात.

मेमध्येच घरं शाकारली जातात. कौलं उतरवतात, पुसतात, फुटकी बदलतात. त्या दोन दिवसांत अंगणात रचलेल्या कौलांची पाठ बघा. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, पुढे त्या किनाऱ्यावर असे अनेक कारखाने झाले, आणि त्यांची कौलं गलबतांतून आपल्या बंदरांत उतरली. प्रत्येक कारखान्याचं नाव आणि शिक्का कौलावर उठवलेला असतो. बटर पेपर त्यावर ठेवा, एका हाताने घट्ट धरा आणि मेणखडू आडवा धरून घासा. अक्षरं जशीच्या तशी कागदावर येतात. साच्यातून निघालेली, कडा जराशा बसलेली ही रोमन अक्षरं टायपोग्राफीच्या वर्गात दाखवा, सगळे पुढे येऊन बघतात. एका घराच्या छपरावर तीनचार कारखान्यांची कौलं निघतात, आणि कुठलं कौल कोणत्या दुरुस्तीत आलं ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारलं की घराचा इतिहासच हाती लागतो.

देवनागरी हवी असेल तर बंदरावर जा. होड्यांची नावं पेंटर हाताने रंगवतात, आणि होडीची कड वळलेली असल्यामुळे अक्षरं तिच्याबरोबर वळवावी लागतात. समोरून, सरळ उभं राहून, सकाळच्या उजेडात फोटो घ्या. होडी ज्यांची त्यांना आधी विचारा. जुन्या पेंटरांचे ल आणि श बघा. मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श ते न चुकता काढतात. राज्य सरकारच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही हीच वळणं धरली आहेत. आपल्या संगणकावर मात्र बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळणाचा ल आणि श आपोआप येतात, आणि मराठी पोस्टर परकं दिसू लागतं. सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडा. फॉन्टमध्ये सोय असेल तर वळण बदलतं, नसेल तर फॉन्ट बदला. ‘एक टाइप’ या संस्थेचे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट मोफत आहेत, सुरुवात तिथून करा. दुसरी गोष्ट म्हणजे ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला आडवा रफार. बंदरावरचा पेंटर तो नीट काढतो आणि छापील फ्लेक्सवर तो तुटतो. मला हे फार लागतं. ज्या गावात इतकी सुंदर अक्षरं रंगवणारी माणसं आहेत, तिथल्या देवळावर आणि दुकानांवर तुटक्या अक्षरांचे फ्लेक्स लागावेत, हे आपण डिझाइन शिकणाऱ्यांनी बदलायला हवं.

शिरोड्याच्या बाजूला राहणाऱ्यांनी मिठागरंही बघावीत, जिथे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. लेआउटच्या वर्गात ग्रिड शिकवतात तेव्हा मला हीच आठवतात. खारं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात पुढे सरकत दाट होतं आणि शेवटच्या वाफ्यांत मीठ धरतं. बांधांच्या रेषा पाण्याच्या वाटेने ठरतात. वरून दिसतो तसा नकाशा काढा आणि त्यावर पाण्याच्या बाणांचा क्रम दाखवा. आणि जाता येता आरवलीला थांबून तिथल्या देवाला, वेतोबाला, वाहिलेल्या चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा बघा. परवानगी असेल तर चित्र काढा, शेजारी माणसाचं नेहमीचं पाऊल दाखवा, नाहीतर त्यांचा आकार कागदावर कळत नाही.

गणपती: शाळा आणि माटवी

हातात चारच दिवस असतील तर बाकी सगळं सोडा आणि गणपतीच्या शाळेत जाऊन बसा. मूर्ती घडवतात ती शाळा, साधी पडवी किंवा माडाच्या झावळ्यांची मांडवी. आमच्या भागात नागपंचमीच्या सुमाराला घराघरातून पाट शाळेत जातात. पाटावर घराचं नाव खडूने लिहिलेलं असतं. मूर्तिकार त्या पाटावरच मूर्ती बसवतो, म्हणजे मूर्तीची बैठक आधीच ठरलेली असते. कोणाच्या घरी मखराची उंची किती, कोणाला उजवीकडे उंदीर हवा, कोणाचं पितांबर दरवर्षी पिवळंच, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. आम्ही कॉलेजात युजर रिसर्चसाठी प्रश्नावली छापतो. शाळेतला म्हातारा मूर्तिकार पाटाकडे बघून सांगतो की हे कोणाचं घर आणि त्यांच्या दारातून मूर्ती आडवी न्यावी लागते की सरळ.

शाळेत गेल्यावर पहिल्या दिवशी काही काढू नका. "काका, काय करू?" विचारा. माती मळायला, पांढऱ्या रंगाचा हात द्यायला, ब्रश धुवायला माणूस हवंच असतं. दुसऱ्या दिवशी पायऱ्यांची चित्रं काढा. भिजलेली शाडू, साच्यातून निघालेलं अंग, ओल्या मातीने जोडलेले हात, बोटाने लिंपलेला सांधा, पांढरा, मग अंगाचा रंग, मग वस्त्रं, दागिने. प्रत्येक पायरीवर मूर्तीपेक्षा हात मोठे काढा. ब्रश कुठे धरलाय, करंगळी कुठे टेकली आहे, दुसरा हात मनगटाला आधार कसा देतोय.

डोळ्यांची आखणी शेवटी होते, बहुतेक रात्री, आणि ती एकच माणूस करतं. तिथे फ्लॅश मारू नका, उजेडात उभे राहू नका, प्रश्न विचारू नका. आखणी करताना काका श्वास रोखतात, भुवईची रेष एका ओढीत पुरी करतात आणि मगच सोडतात. मला रेष या गोष्टीबद्दल जे काही कळलं आहे ते तिथे बसून कळलं. तुम्हीही नुसतं बघा आणि घरी येऊन आठवणीतून काढा.

घरात माटवी बांधायची असते. लाकडी पट्ट्यांची चौकट गणपतीच्या डोक्यावर टांगायची आणि तिला रानातलं, परसातलं सगळं बांधायचं: आंब्याचे टाळे, सुपारीचे घड, नारळ, तवशी, चिबूड, कांगणं, कवंडळं, शेरवडं, तेरडा. मुलं रानात जातात तेव्हा त्यांच्याबरोबर जा आणि प्रत्येक फळाफुलाचं नाव घरातल्या मोठ्या माणसाकडून लिहून घ्या. दोन वाड्यांत एकाच फुलाला दोन नावं असतात, दोन्ही लिहा. मग माटवीचा आराखडा काढा. चौकटीचे चौकोन आखून कुठल्या चौकोनात काय टांगलं ते दाखवा, वजनदार फळं कुठल्या दांडीवर येतात ते खुणेने दाखवा. माटवी बांधणाऱ्याला ती एका बाजूला कलू द्यायची नसते, म्हणून नारळ आणि चिबूड समोरासमोर येतात आणि हलकी फुलं मधल्या जागा भरतात. कंपोझिशनमध्ये तोल म्हणून जे शिकवतात ते इथे खरोखरच्या वजनाने शिकता येतं. केळीच्या सोपाच्या दोऱ्यांची गाठ मोठी करून बाजूला काढा. रानातून लागेल तेवढंच आणा. कांगणाच्या वेली उपटून फोटोसाठी ढीग करणारे लोक हल्ली दिसतात, तुम्ही ते करू नका.

कारागिरांकडे जाताना

सावंतवाडी आणि पिंगुळी या दोन जागा प्रत्येकाच्या यादीत असतात, आणि असायलाच हव्यात. पण तयारी करून जा.

सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, बनतात. शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ही कला विझता विझता पुन्हा उभी केली. जाण्याआधी खेळ समजून घ्या. दशावतारी गंजिफात १० अवतारांचे १० रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, अशी १२ पानं, म्हणजे एकूण १२० गोल पानं. मत्स्याला मासा, कूर्माला कासव, परशुरामाला परशू अशी चिन्हं. दिवसा खेळ रामाच्या पानाने सुरू होतो आणि रात्री कृष्णाच्या. पाच रंगांत दहा मोठा, उरलेल्या पाचांत एक मोठा. हे कळलं की पानावरचा रंग आणि चिन्हांची मांडणी निव्वळ शोभा राहत नाही. हातात पंखा करून धरलेली पानं कंदिलाच्या उजेडात झटकन ओळखू यायला हवीत, म्हणून पार्श्वभूमीचे रंग इतके वेगळे. माहिती ग्राफिकवर काम करणाऱ्यांनी यावर अख्खं सेमिस्टर घालवावं. चितारआळीत लाकडी खेळणी आणि लाखकाम बघा. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने वितळून रंग चढतो, हे समोर घडताना बघण्यासारखं आहे.

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे. चित्रांच्या जुड्यांना पोथी म्हणतात. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, गाणारा एक बाजू दाखवतो, कथा पुढे गेली की उलटतो. स्टोरीबोर्ड शिकणाऱ्यांनी ते पान उलटण्याचे क्षण नोंदवावेत: कथेत कुठल्या वाक्याला चित्र बदललं. परशुराम गंगावणे यांना या कामासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि त्यांच्या घराने उभारलेलं कलांगण हे संग्रहालय तिथे बघता येतं.

वागण्याच्या काही गोष्टी ठाम सांगते. फोन करून जा. गणपतीच्या तोंडावर जाऊ नका, तेव्हा कामाचा लोट असतो. तासन् तास बसणार असाल तर काहीतरी विकत घ्या किंवा वेळेचे पैसे विचारा, न लाजता. फोटो, आवाज, व्हिडिओ, तिन्हीसाठी वेगवेगळी परवानगी घ्या. त्यांची आकृती घेऊन चहाचे मग, टी-शर्ट, स्टिकर काढून विकायचा विचार असेल तर तो तिथेच बोला, आणि नाही म्हणाले तर विषय बंद करा.

कातळशिल्पांसाठी सिंधुदुर्गातल्यांना मालवण तालुक्यातलं कुडोपी जवळ, रत्नागिरीकडच्यांना कशेळी, उक्षी, बारसू, देवाचे गोठणे. २०२२ मध्ये यांतली काही युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा, तिरप्या उजेडात कोरीव रेषा उठून दिसतात. रेषांत खडू किंवा चुना भरू नका, चप्पल घालून वर चढू नका. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे, तो एका जागेवरून दिसतच नाही. पावलांनी मोजत कडेने चाला आणि पावलांच्याच मापात काढा.

दिवाळी

ही सुट्टी लहान असते. जत्रा सुरू झाल्या असतील तर दशावतार बघा, आणि नाटक सुरू व्हायच्या आधी तासभर पोचा. नट आपलं रंगकाम स्वतः करतात, छोट्या आरशात बघून, पत्र्याच्या पेटीवर बसून. मालकांना विचारून कोपऱ्यात बसलात तर चेहरा कुठल्या क्रमाने उभा राहतो ते काढता येतं. नाटकाची संहिता लिहिलेली नसते आणि रंगमंचावर एका बाकड्यापलीकडे फारसं काही नसतं. ते बाकडं कधी सिंहासन होतं, कधी डोंगर, ते मोजत रहा.

परत आल्यावर

गाडीतून उतरल्याच्या आठवड्यातच स्कॅन करा. पुढे गेलं की क्रिट सुरू होतात आणि स्केचबुक ट्रंकेत जातं. प्रत्येक पानाला एक ओळ लावा: वस्तू, साहित्य, गाव, महिना, माप, आणि माणसाची परवानगी असेल तर नाव. "पारंपरिक कारागीर" किंवा "अज्ञात" असं लिहू नका, तुम्ही त्यांच्या पडवीत बसून चहा प्यायला आहात. ज्युरीसमोर अंतिम पोस्टर आधी ठेवू नका. आधी आडाळ्याची तीन मापचित्रं, मग झिजलेली कड, मग तिच्यावरून सुचलेली तुमची कल्पना. विचारलं जाणारच आहे की रेफरन्स कुठला, तेव्हा उत्तर आधी टेबलावर असलेलं बरं.

शेवटचं काम म्हणजे प्रती परत देणं. ज्यांचं काम काढलं त्या प्रत्येकाला एक चांगली प्रिंट द्या, मोबाइलवर पाठवलेला फोटो तिसऱ्या दिवशी हरवतो. गणपतीच्या शाळेसाठी ए-थ्री आकाराची घ्या आणि लॅमिनेट करून न्या, तिथे ओल आणि मातीचे हात दोन्ही असतात. वर दोन भोकं पाडून सुतळी ओवून द्या, म्हणजे खिळा शोधत बसावं लागणार नाही. पिंगुळी-सावंतवाडीला पोस्टाने पाठवत असाल तर गुंडाळी करून जाड नळकांड्यात घाला, आणि पावसाळा असेल तर नळकांड्याला बाहेरून प्लास्टिक.